तोफगोळ्याची पितळी टोपी

आमच्या ऑफिसच्या पोर्चमध्ये एक जुना तोफगोळा उभा करून ठेवला होता आणि लोक त्यात पान थुंकायचे. गोळा गुडघ्याएवढा उंच, आतून पोकळ, लष्कराच्या माणसांनी कधीच रिकामा करून निर्धोक ठरवलेला. त्याच्या टोकाला मुळात पितळेची टोपी होती. ती कुणी आणि केव्हा काढून नेली हे कुणालाच सांगता येत नव्हतं. टोपी गेली आणि वर मूठ जाईल एवढं भोक उरलं. लखनौमध्ये असं भोक फार काळ रिकामं राहत नाही.

ऑफिस केंद्र सरकारचं. इमारत एके काळी लष्करी सामानाचं भांडार होती, म्हणून जाताजाता मागे राहिलेल्या चार वस्तू पोर्चमध्ये मांडून त्याला 'हेरिटेज कॉर्नर' असं भारदस्त नाव दिलेलं. मी सांगलीहून बदली होऊन इथं आले तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "मैडम, आप तो महाराष्ट्र से हैं, आपके यहाँ तो हर पहाड़ पर किला है। ये कॉर्नर आप ही सँभालिए।" मी नुसती हसले. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी माणूस आणखी काय करणार? त्या हसण्याचा अर्थ होकार असा लावला गेला आणि तो गोळा माझ्या गळ्यात पडला.

पुढे काही वर्षं त्याचा मला काही त्रास झाला नाही. महिन्यातून एकदा तो धुऊन घ्यायचा आणि 'यहाँ न थूकें' ही पाटी सरळ करायची, एवढंच. खरी गंमत सुरू झाली दिवाळीनंतर, माझी सांगलीला परत बदली झाली तेव्हा.

सरकारी नोकरीत बदलीची ऑर्डर आली म्हणजे सुटलो, असं नसतं. आपल्या ताब्यातली एकेक वस्तू पुढच्या माणसाला दाखवायची, त्याने ती मोजून घ्यायची, सही करायची, मग साहेब आपल्याला 'रिलीव्ह' करणार. माझ्या जागी आलेले गृहस्थ गोरखपूरचे, अत्यंत नम्र. त्यांनी खुर्च्या घेतल्या, कपाटं घेतली, बंद पडलेले प्रिंटरसुद्धा तक्रार न करता घेतले. पोर्चमध्ये आल्यावर मात्र ते गोळ्यासमोर हात जोडूनच उभे राहिले.

"मैडम, इस रजिस्टर में तो लिखा है, गोला, टोपी समेत। आप टोपी दिखा दीजिए, मैं अभी दस्तखत किए देता हूँ।"

"टोपी मी आले तेव्हाही नव्हती हो. मेरे आने से पहले से नहीं है।"

"तो फिर आपने चार्ज कैसे ले लिया?"

माझ्या आधीच्या माणसाने मला चार्ज देताना मलाई मक्खन, म्हणजे इथली थंडीतली फेसाळ मिठाई, आणि चहा मागवला होता आणि मी खाताखाता न मोजताच सही केली होती, हे त्यांना कसं सांगणार? मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. ते म्हणाले, होळीनंतर दिल्लीहून मोठे साहेब येणार आहेत, त्यांना जुन्या लष्करी वस्तूंचा भारी नाद आहे, तेव्हा टोपी बसवूनच टाका. "और असली चाहिए मैडम, नकली नहीं। उनकी नज़र बहुत तेज़ है। टोपी लग जाए, अगले दिन आप आज़ाद।"

आज़ाद! मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "टोपी म्हणजे कसली गं?" मी तिला समजावलं. ती म्हणाली, "बाई, त्यापेक्षा तो गोळा तेव्हाच फुटला असता तर बरं झालं असतं."

आई माझ्याकडे आली ती बाबा गेल्यावर. मिरजेचं घर कुलूप लावून. मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही, म्हणजे दुसरीकडे कुठं जाण्याचा प्रश्नच नव्हता. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बहुतेक वेळा बंद, तिचे गुडघे गेलेले. ती बाल्कनीच्या जाळीमागे बसायची. खाली भाजीचा ठेला आला की दोरीला बांधलेली टोपली सोडायची आणि अस्सल मिरजेच्या आवाजात ओरडायची, "कोथिंबीर घाल की रे थोडी!" तो खालून म्हणायचा, "अम्मा, धनिया आज महँगा है।" ती मराठीत, तो हिंदीत, दोघंही आपापल्या भाषेत रोज भांडायचे आणि कोथिंबीर कधी यायची, कधी नाही. तिच्या आयुष्यात बाहेरचं माणूस म्हणून तेवढाच एक. संध्याकाळी मी दार उघडलं की तिचा प्रश्न ठरलेला. "झालं का गं तुझं?" कमरेला मिरजेच्या घराची किल्ली असायची. मला ती किल्ली बघवायची नाही.

ऑर्डर आल्याबरोबर तिने सामान बांधायला घेतलं होतं. सगळी पितळेची भांडी, देव, पाट, लोणच्याच्या बरण्या खोक्यांत गेल्या. टोपीचं प्रकरण उपटलं तेव्हा ती खोकी परत उघडायची नाहीत असं आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं. एका खोक्यावर टीव्ही आला. दुसऱ्यावर बसून मी बूट घालायची. सबंध थंडी आम्ही स्वतःच्या घरात रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये राहिल्यासारखं काढली. बाहेर धुकं एवढं असायचं की समोरचा ब्लॉकसुद्धा दिसायचा नाही. दोन पातेली, एक तवा आणि माझी चिडचिड, एवढंच खोक्यांबाहेर होतं.

टोपी शोधायला मी जितकी वणवण केली तितकी स्वतःसाठी कधी केली नसेल. रविवारी नक्खासच्या बाजारात जायची. तिथं जुनी घड्याळं, तुटकी हुक्क्याची भांडी, कुणाकुणाची मेडलं, सगळं फरशीवर मांडलेलं. मी इंटरनेटवरून घेतलेला तसल्या टोपीचा फोटो मोबाइलवर दाखवला की प्रत्येक जण म्हणायचा, "अरे, ये तो हमारे पास था, पिछले हफ्ते ही गया।" लखनौचा माणूस 'नाही' म्हणत नाही, तो गेल्या आठवड्यात होतं म्हणतो. सरोजिनी नगरच्या भंगारवाल्यांकडे गेले. तिथं एकाने सरळ सांगितलं, जुनं पितळ आलं की ते मुरादाबादला जातं आणि वितळतं, त्यात तुमची टोपी असली तर आता तिच्या थाळ्या झाल्या असतील. दुसऱ्याने फोटोवरून करवून आणून दिली. दिसायला हुबेहूब, वर गोळा किती वेळाने फुटायचा त्या आकड्यांची गोल पट्टी, रंगही मुद्दाम काळपट केलेला. पण गोळ्यावर ठेवून फिरवली तर आटेच जुळेनात. अशा तीन-चार नकला आल्या आणि एकही बसली नाही. गोरखपूरचे गृहस्थ प्रत्येक वेळी स्वतः फिरवून बघायचे आणि दुःखी चेहऱ्याने म्हणायचे, "नहीं बैठी, मैडम।"

मी घरात वाघीण आणि ऑफिसात शेळी, हे आईचं माझ्याबद्दलचं जुनं मत. त्या थंडीत ते पुरेपूर खरं ठरलं. ऑफिसात "जी सर, ढूँढ रही हूँ" आणि घरी आल्यावर भाजीत मीठ जास्त झालं म्हणून आदळआपट. एकदा तर मी ओरडले, "मी काय तोफ डागणार आहे का? टोपी नसली तर कुणाचं काय अडलंय?" आई शांतपणे म्हणाली, "हे तिथं बोल."

शेवटी टोपी सापडली ती बख्शी का तालाबच्या पुढे, एका खेड्यात. आमच्या ऑफिसातल्या शिपायाने फोटो ओळखला. त्याच्या गावातल्या एका निवृत्त सुभेदारांच्या देव्हाऱ्यात अशी वस्तू आहे म्हणाला. गव्हाच्या शेतांमधून, वरून हवाई दलाचं विमान घरघरत असताना, मी तिथं पोचले. सुभेदार तोफखान्यात होते. निवृत्तीच्या वेळी निकामी सामानातली ती टोपी त्यांना आठवण म्हणून मिळाली होती आणि त्यांच्या पत्नीने ती उलटी करून, राख भरून, तिच्यात अगरबत्त्या लावायला घेतली होती. इतकी वर्षं धूर खाऊन ती डांबरासारखी काळी झालेली. पण आकडे, कंगोरे, आतले आटे, सगळं शाबूत.

सुभेदार लगेच तयार झाले. "ले जाइए बेटी। मेरे बाद तो कबाड़ी ही ले जाएगा। वहाँ चार लोग देखेंगे।" त्यांच्या पत्नी मात्र पदर सावरत म्हणाल्या, "वो तो ठीक है, पर हम अगरबत्ती काहे में लगाएँगे?" प्रश्न रास्त होता. मी बाजारातून नवं आणून देते म्हटलं तर त्यांच्या चेहऱ्यावर काही उजळलं नाही.

घरी येऊन हे सांगितलं तर आई उठली, बांधलेल्या खोक्याची दोरी सोडली आणि तळातून आमचं पितळेचं उदबत्तीचं घर काढलं. आजीच्या वेळचं, मोराचं. "हे दे त्यांना. देवापुढचं घेतोय, तर देवापुढचंच द्यायला पाहिजे." मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "मला मोर पाहिजे का मिरज?"

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी मोर देऊन टोपी घेऊन आले. वाटेत ती लष्कराच्या माणसांना दाखवायची होती, तो नियमच आहे. त्यांनी उलटीसुलटी करून आत राखेशिवाय काही नाही असं सांगितलं. मी ती ओढणीत गुंडाळून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि कितीतरी महिन्यांनी दुपारची झोपले. इतकी गाढ झोपले की स्वयंपाकघरातली भांड्यांची खडखड मला माहेरची वाटली.

उठून बघते तर ओट्यावर सगळं पितळ ओळीनं उपडं घातलेलं. गुढीचा तांब्या, ताम्हन, समई, घंटा. आणि शेवटी ती. चिंच, मीठ आणि काथ्या लावून घासलेली, सोन्यासारखी लखलखीत, पाणी निथळत असलेली.

साहेबांनी मला दहादा बजावलं होतं, जुनेपणा दिसला पाहिजे, तोच अस्सलपणाचा पुरावा, चकचकीत माल म्हणजे मुरादाबादी. तो जुनेपणा मोरीतून वाहून गेला होता.

"आई, काय केलंस हे?"

"पाडवा आहे की उद्या. पितळ घासायला नको?"

"हे आपलं नाही! हे ऑफिसचं आहे! काळं होतं म्हणूनच ते खरं होतं!"

"काळंकुट्ट होतं गं, राखेनं बरबटलेलं. साहेबापुढं असलं न्यायचं का? लोक काय म्हणतील, हिला घरात वळण नाही?"

मग मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. माझी सुटका तिने चिंचेनं घासून टाकली, एवढा त्याचा सारांश. तिचे हात चिंचेने पांढरेफटक पडले होते, बोटांच्या पेरांना सुरकुत्या आलेल्या. दुसऱ्या दिवशी गुढी उभारली. लखनौत साखरेच्या गाठी मिळत नाहीत, म्हणून तिने बत्ताशांची माळ केली होती. वरच्या मजल्यावरच्या बाई बाल्कनीतून म्हणाल्या, "आंटीजी, ये झंडा किस चीज़ का है?" आईने त्यांना मराठीत नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. माझ्याशी ती कामापुरतं बोलत होती आणि मी तेवढंही नाही.

सोमवारी मी टोपी घेऊन गेले ती माफी मागायच्या तयारीने. साहेबांनी ती बघितली आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली. "ये तो एकदम नई है मैडम। फिर मुरादाबाद?" गोरखपूरचे गृहस्थ मात्र सवयीने ती घेऊन पोर्चमध्ये गेले, भोकावर ठेवली आणि फिरवली. ती फिरली. अजिबात न अडता, न कुरकुरता फिरत गेली आणि तळाशी जाऊन अशी बसली की मधे नखही शिरलं नसतं. घासल्यामुळे पट्टीवरचा एकेक आकडा लख्ख वाचता येत होता. साहेबांनी स्वतः काढून परत बसवून बघितली. पोर्चमध्ये जमलेल्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. गृहस्थांनी खिशातून पेन काढलं आणि उभ्याउभ्या सही केली.

मी बाथरूममध्ये जाऊन आईला फोन केला. "बसली गं टोपी," म्हटलं. पलीकडून नुसतं "बरं झालं" एवढंच आलं. पण संध्याकाळी घरी गेले तर सगळी खोकी परत दोऱ्यांनी आवळलेली होती. तांब्यासुद्धा आत गेला होता. त्या रात्री मी तिच्या गुडघ्यांना तेल लावलं. मी माफी मागायला लागले, तर तिनं ती मागू दिली नाही.

साहेबांनी मला दौरा होईपर्यंत थांबवून घेतलं आणि दिल्लीचे मोठे साहेब त्याच आठवड्यात आले. गोळ्यापाशी ते जे थांबले ते हललेच नाहीत. टोपीवरून बोटं फिरवली, आकडे वाचले, कुठं मिळाली विचारलं. सुभेदार, अगरबत्ती, मोर, चिंच, सगळं मी सांगितलं. मला बोलायची हौस आली होती, दुसऱ्या दिवशी मी सुटणार होते ना! ते मनापासून हसले आणि आमच्या साहेबांकडे वळून म्हणाले, "और ऐसी अफसर को आप छोड़ रहे हैं?"

तेवढं एक वाक्य. मागच्या गोदामात अशा अर्ध्यामुर्ध्या वस्तू खोलीभर पडून होत्या. पट्टे नसलेली शिरस्त्राणं, रिसीव्हर नसलेले मैदानी टेलिफोन, भिंगं नसलेल्या दुर्बिणी. चहा संपायच्या आत ठरलं की तिथं मोठी गॅलरी करायची, सगळ्याचे अस्सल सुटे भाग शोधायचे, आणि ते शोधणार मी. बदली रद्द नाही, फक्त 'स्थगित'. "बस, गैलरी हो जाए मैडम," साहेब म्हणाले, खरोखर प्रेमाने म्हणाले. गोरखपूरच्या गृहस्थांनी माझ्या खुर्च्या आणि प्रिंटर तितक्याच नम्रपणे मला परत दिले. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "जी सर."

घरी जाताना तीन जिने चढायला मला किती वेळ लागला कोण जाणे. आईने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ठरलेला प्रश्न विचारला नाही. मी खोक्यावर बसून सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माझं तिकीट काढ. एकटीचं."

मी खूप भांडले. गुडघे, एवढा प्रवास, रिकामं घर, रात्रीअपरात्री काही झालं तर कोण? हिंदीचं एक अक्षर येत नाही, गाडीत पाणी तरी कुणाकडे मागशील? ती म्हणाली, "पुण्याला तुझा मामेभाऊ येईल उतरवून घ्यायला. आणि मिरजेत मला पाणी मागावं लागत नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तुझ्यासाठी थांबले होते गं इतके दिवस. तू एकटी कशी आवरशील म्हणून. आता तुझं काही आवरायचंच नाही, तर मी कशाला खोक्यांत बसू?" मी इतकी वर्षं समजत होते की मी तिला इथं अडकवून ठेवलंय.

चारबागला गाडीत बसवून दिलं. तिची खोकी तिच्याबरोबर गेली. मला तिने एक पातेलं, तवा आणि चिंचेचा गोळा ठेवला. गाडी हलली तेव्हा तिने हात केला नाही, कारण दोन्ही हातांनी किल्ली चाचपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेलेवाल्याची हाक आली. मी बाल्कनीत गेले आणि टोपली सोडली. मी बटाटे मागितले. टोपली वर ओढली तर बटाट्यांवर कोथिंबिरीची एक मोठी जुडी.

"भैया, धनिया तो मैंने नहीं माँगा।"

"अम्मा कह गई हैं, रोज़ डाल देना।" तो मान वर करून म्हणाला. "जिस दिन गईं, उसी सुबह वहीं ऊपर से कहा। बोलीं, हम तो जा रहे हैं भैया, हमारी बिटिया यहाँ फँसी हुई है, उसका खयाल रखना।"

"अम्मा ने कहा? किस भाषा में?"

"हिंदी में, और किसमें? वो तो हमेशा समझती थीं।"

मी टोपली धरून तिथंच उभी राहिले. मग खालून तो ठेला ढकलत पुढच्या ब्लॉककडे गेला, आणि मला ऑफिसला जायला उशीर होत होता.